डोली रिकामी जाईल

टेपाची वाडी, मुठ्याच्या वर
८ नोव्हेंबर १९६१

चिरंजीव बहिरूस बापाचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. नाचणी कापून झाली, भाताची झोडणी चालू आहे. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. माझा गुडघाही बरा आहे. सूनबाई कमळला सांग, तिनं दिलेलं तेल रोज चोळतो.

काल चिंधू वर आला. भावकीतला, त्यामुळे जिभेला हाड नाही. ओट्यावर टेकला नि म्हणाला, "कुशातात्या, रईवारी तुमची वरात हाय. बहिरू चार गडी नि डोली घिऊन येतोय. भुकूमला न्हेतोय तुमास्नी, कायमचं."

"पाचवा गडी बी आण म्हणावं," मी म्हणालो. "मी हातपाय झाडणार हाय."

तो हसला. मी नाही हसलो.

पोरा, तुझं घर रस्त्याला लागून आहे, डॉक्टर हाकेवर आहे, हे मला कळतं. गुडघ्याचं वर खोटं लिहिलं. दसऱ्यापासून दोनदा पडलो, एकदा तर पाणवठ्यावर, भरल्या घागरीसकट. तरी येणार नाही. का, ते आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही.

पलटणीबरोबर इटलीत गेलो तेव्हाची गोष्ट तू लहानपणी दहादा ऐकलीस. समुद्राकाठी उभा डोंगर, त्याच्या माथ्यावर सहा-सातशे वर्षांचं गाव. घरं मधाच्या पोळ्यासारखी एकमेकांना चिकटलेली. गल्ली अशी की लादलेलं गाढव आलं तर माणसानं भिंतीला पाठ लावायची. पायऱ्या मधोमध झिजून पाट्यासारख्या खोलगट झालेल्या. आणि खाली, नजर जाईल तिथवर निळं पाणी. डोक्याला फडकं बांधलेल्या एका म्हातारीनं मला दारात बसवून सुकी अंजिरं दिली. इथं मी गोष्ट थांबवायचो.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला, गाव रिकामं करा, तोफांचे गोळे पडणार. सगळे उतरले. म्हातारी मात्र दाराची चौकट धरून उभी. तिची बोली मला येत नव्हती, पण ती काय म्हणत होती ते बैलालाही कळलं असतं. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, तिला पाठीवर घेतलं आणि खाली आणलं. वाटभर ओरडली नाही, माझी मान मात्र ओली झाली. मला वाटलं, पुण्य केलं. खाली तंबूत तिनं अन्नाला हात लावला नाही. डोंगराकडे तोंड करून बसायची. पाचव्या दिवशी गेली.

तू म्हणशील, वर राहिली असती तर गोळा लागून मेली असती. मेली असती, आपल्या चुलीपाशी. ते तिनं ठरवलं होतं, मी मोडलं.

तेव्हा रविवारी जरूर ये. कमळला आण, नातवाला आण. गडी आणलेस तर त्यांनाही पोटभर जेवू घालीन, पण डोली रिकामी जाईल. एका माणसाची बोटं मी सोडवली आहेत. माझी तू सोडवू नकोस. ते ओझं तुझ्या पाठीवर नको, म्हणून हे लिहितोय.

खांद्यावर न्यायचंच असेल तर एकदाच न्या, आणि खाली नाही, इथल्याच ओढ्यापर्यंत.

हट्टी म्हण हवं तर, पण तुझाच बाप,
कुशाबा