सईसाठी घडीची गाडी

रविवार, संगमनेर

आज सईसाठी घडीची बाबागाडी घेतली. चार वर्षांची झाली, अजून पाऊल टाकत नाही. नाशिकला पायांच्या व्यायामाला न्यायचं, तर एसटीत तिला कडेवर घेऊन माझी कंबर धरते. सासूबाई सकाळीच म्हणाल्या, "गाडीत घातलीस तर पोर चालायची न्हाई." सईच्या बाबाचं, प्रशांतचंही वर्षभर तेच, "चालेल गं ती." तरी दुकानात आला माझ्याबरोबर.

मला हलकी हवी होती, एका हाताने मिटणारी. तशी मिळालीही. दुकानदाराने विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" मी नुसतं सईला आत बसवलं. तिचे पाय खालच्या पट्टीच्याही खाली लोंबत होते. सई मात्र खुशीत हसत होती. ते लोंबणारे पाय अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

तेवढ्यात प्रशांत हळूच म्हणाला, "जरा मोठी दाखवा. अजून तीन-चार वर्षं बसेल अशी."

म्हणजे त्यालाही कळलंय. कधीपासून?

मोठी जड निघाली, तरी तीच घेतली. घरी येताना ती मी रिकामीच ढकलत आणली. सईला प्रशांतने उराशी धरलं होतं, खाली ठेवायलाच तयार नव्हता.