किटल्यांच्या नाक्यावरचा डोमकावळा

फ्रीमाँट,
२ एप्रिल २००६

प्रिय शैला,

तुझे मशीनवरचे निरोप ऐकले. फोन मुद्दामच उचलला नाही, रागावू नकोस. तू पहिलं हेच विचारणार की जूनमध्ये नक्की कधी येताय. वरची खोली रंगवून झाली, गच्चीकडच्या खिडकीला कूलर बसला, प्रीतासाठी शाळेत शब्द टाकून ठेवलास, सगळं कळलं. त्याबद्दल लिहितेच, पण आधी आम्ही दोघी कुठे जाऊन आलो ते ऐक. मी तुझी वहिनी झाले ती नंतर, आधी वर्गातल्या मागच्या बाकावरची मैत्रीण होते. त्या मैत्रिणीचं म्हणून वाच.

आम्ही शंतनूची ती तापत्या वाळवंटातली डेथ व्हॅली करून आलो. दर स्प्रिंग ब्रेकला ठरायची आणि दरवर्षी ऑफिसचं काहीतरी निघून कॅन्सल व्हायची, ती. त्याचं ठरलेलं वाक्य तुला माहीत आहेच, की नागपूरच्या माणसाला डेथ व्हॅलीची कसली भीती घालता! तुझा भाऊ ऑक्टोबरात "येतो गं" म्हणून ऑफिसला निघाला आणि तिथल्या पार्किंग लॉटमध्येच गेला. तेव्हापासून मी त्या सहलीचं नाव काढलं नव्हतं. प्रीतानंच काढलं. "आई, लेट्स जस्ट डू बाबाज ट्रिप," म्हणाली, आणि बॅग भरायला लागली. बारा वर्षांची पोर, पण हट्ट थेट तुमच्या घराण्याचा.

घराबाहेर पडायला मलाही निमित्त हवंच होतं. तुला सांगितलं नव्हतं, पण तो गेल्यापासून रोज संध्याकाळी त्याच्या यायच्या वेळेला गराजचं दार वर जाण्याचा आवाज यायचा. आवाज आला की प्रीता टीव्ही हळू करायची. मग आम्ही दोघी जेवायला बसायचो. तू म्हणतेस, तुझ्या स्वप्नात तो फाटकाशी येऊन उभा राहतो आणि आत ये म्हटलं तरी येत नाही. दहाव्याला कावळा शिवला नाही म्हणून असं होतंय, असं तुला वाटतं. त्या दिवशी खाडीकाठी पिंड ठेवला तेव्हा कावळा दिसेना, आणि सीगल मात्र आले झुंडीनं. त्यांना हुसकता हुसकता आमचे गुरुजी दमले. एरवी तेही आमच्यासारखे कंपनीत नोकरी करतात, पौरोहित्य शनिवार-रविवारचं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला. तू फोनवर एवढंच म्हणालीस, "गवतानं शिवलेलं माझ्या दादाला कसं पोचेल?" मी दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी बाई, असल्या गोष्टी मानत नाही. पण तुझं ते वाक्य काही केल्या डोक्यातून गेलं नाही.

तर डेथ व्हॅली. तिथे एक ओसाड खाणगाव आहे, बँकेच्या तीनमजली इमारतीच्या नुसत्या भिंती उभ्या. गावाच्या तोंडाशी माळावर कुणीतरी पांढऱ्या पुतळ्यांची रांग करून ठेवली आहे. अंगावर चादर ओढून माणसं उभी आहेत आणि चादरीच्या आत माणूसच नाही, असे ते पुतळे. प्रीतानं एकाच्या आत डोकावून पाहिलं आणि गाडीत येऊन बसली. पुढे एक नाटकगृह लागलं. वाळवंटात प्रेक्षक येईनात म्हणून तिथल्या नर्तिकेनं भिंतींवर राजा, राणी, नन्स असे प्रेक्षकच रंगवून टाकले आणि त्यांच्यासमोर नाचत राहिली. प्रीता त्या रंगवलेल्या चेहऱ्यांवरून सावकाश नजर फिरवत होती. कुणाला शोधतेस, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी जीप भाड्यानं घेऊन चालत्या दगडांच्या तळ्यावर गेलो. तळं म्हणजे मैलोन् मैल सुकलेला, भेगाळलेला चिखल. त्यात दगड पडलेले आणि प्रत्येक दगडामागे तो सरकत आल्याचा लांब चर. दगड हलताना मात्र आजवर कुणी पाहिलेला नाही. एका चराच्या सुरुवातीपासून आम्ही चालत दगडापर्यंत गेलो. प्रीता म्हणाली, "कोणी बघत नसलं की हे जातात, राइट?"

परतताना त्या खडखडाटी रस्त्यावरच्या किटल्यांच्या नाक्यावर थांबलो. ओसाड तिठा, त्यावर लाकडी पाटी, आणि येणारा-जाणारा तिच्यावर चहाची किटली टांगून जातो. का, ते कुणाला नीट माहीत नाही. शंतनूनं त्यासाठी एक निळी किटली कधीची आणून ठेवली होती. प्रीतानं तिच्यावर मार्करनं 'बाबा' लिहिलं. देवनागरीत तिला तेवढंच धड लिहिता येतं. किटली टांगली आणि दहीभात-सांडगी मिरचीचा डबा उघडला. सहलीत तो गाडीच्या काचा पुसून सगळ्यात शेवटी जेवायचा, म्हणून त्याचा वाटा आधी काढायची आम्हाला सवय. प्रीतानं झाकणात वाटा काढला आणि दगडावर ठेवला. तेवढ्यात डोमकावळा आला. आपल्याकडच्यापेक्षा दुप्पट मोठा, काळाकुळकुळीत. येऊन झाकणाभोवती चालायला लागला, पण शिवेना.

तिथे पक्ष्यांना खायला घालायला मनाई आहे, पाटी वाचली होती. तरी माझे हात आपोआप जोडले गेले. दर दिवाळीला परत येण्याचं जे तो तुला फोनवर सांगायचा तेच मी कावळ्याकडे बघून त्याला म्हटलं. म्हटलं, काळजी करू नकोस, जूनमध्ये प्रीताला घेऊन मी नागपूरला जाते, कायमची. कावळा मागे सरकला. मी पुन्हा म्हटलं, तो आणखी मागे. प्रीतानं विचारलं, "आई, हू आर यू टॉकिंग टू?" पिंडाचं, कावळ्याचं, राहिलेल्या इच्छेचं तिला जमेल तसं सांगितलं. ती कावळ्याकडे वळली. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, वी आर स्टेइंग. तू पण इथेच राहणार होतास ना? यू टोल्ड मी." कावळा उडी मारून पुढे आला, मिरचीसकट भाताचा घास उचलला आणि उडून गेला.

इथेच राहायचंय हे तो पोरीला सांगू शकला, शैला. तुला नाही, मला नाही. प्रत्येक दिवाळीला 'पुढच्या वर्षी कायमचा परत येतो' म्हणत राहिला आणि त्या शब्दातच अडकला. मला इतका राग आला की तिथेच धुळीत बसून रडले. कळतं गं मला, असल्या नॅशनल पार्कातले पक्षी माणसाळलेले असतात, आम्ही दोन पावलं मागे झालो असू म्हणून धीटपणे आला असेल. पण पोरीनं जे विचारलं ते कावळा आला नसता तरी खरंच होतं.

म्हणून हे पत्र. आम्ही जूनमध्ये येणार नाही, शैला. शाळेच्या पुढच्या एखाद्या सुट्टीत भेटायला येऊ, पण राहायला नाही. शाळेत नाही म्हणून कळव. खोली बंद ठेवू नकोस, कुणाला तरी दे. तुझं मन मोडतंय हे मला ठाऊक आहे, पण खोटं 'येते' म्हणून तुला वाट बघायला लावणं त्याहून वाईट. एकच सांग. आम्ही परत आल्यापासून गराजचं दार एकदाही वाजलेलं नाही. प्रीता टीव्ही हळू करते, मी ताटं घेऊन उभी राहते, काही वाजत नाही. तुझ्या फाटकाशी तो अजून येतो का गं? येत असेल तर लगेच कळव.

तुझीच,
सुलेखा