पट्ट्यांवरची गाडी

३ फेब्रुवारी
तिच्यासाठी बनवलेली चाकांची छोटी रिमोटची गाडी पायरीवरून उलटली! वर बसवलेला कॅमेरा फुटला. बायकोने पलंगावरून फोनमध्ये पाहिलं – आधी अंगण, मग आभाळ, मग काळोख. म्हणाली, पडता पडता आभाळ छान दिसलं.

अंगणात उतरायला दोनच पायऱ्या. तिच्या पायांतलं बळ गेल्यापासून त्यांचाच डोंगर झालाय. वॉकर धरून मोरीपर्यंत जाते, तेवढंच. चाकं नकोत आता. रणगाड्याला असतात तसे पट्टे लावायचे.

५ फेब्रुवारी
ताई आली होती. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, हे खेळणं कशाला, सरळ उचलून ने तिला बाहेर. आतून आवाज आला, "ताई, मी काय कपाट आहे?"

ताई ओशाळली. मी हसलो खरा. पण दवाखान्यात दोघांनी हातापायांना धरून उचललं, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडली होती. तेव्हापासून मी तो विषयच काढत नाही. गाडी ती पलंगावरून स्वतः चालवेल. मनाला येईल तिकडे जाईल.

९ फेब्रुवारी
सांगाडा झाला. दोन्ही बाजूंना सायकलच्या चेन, त्यांवर टायरचे तुकडे ठोकले – झाले पट्टे. कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण ही गाडी मला जुमानत नाही. वळली की चेन उतरते.

१४ फेब्रुवारी
चेन पुन्हा उतरली. तिने दातेरी चाक मागून घेतलं. आयुष्यभर कवळ्या बनवल्या तिने. बोट फिरवलं आणि म्हणाली, दोन दात उंच आहेत. कवळीत असा दात राहिला की माणूस जेवताना बायकोवर ओरडतो म्हणे.

मांडीवर वर्तमानपत्र पसरून कानशीने घासत बसली. मी खाली बसून नट आवळत होतो. किती दिवसांनी आम्ही दोघं कामात होतो, आजारात नव्हतो.

१५ फेब्रुवारी
चेन उतरली नाही!

२२ फेब्रुवारी
कानस तिच्या हातातून परवा दोनदा पडली. मला वाटलं, घामाने निसटली असेल. आज डॉक्टर घरी येऊन गेले. बोटं दाबून पाहिली. बाहेर आल्यावर म्हणाले, आता हातांतही उतरतंय. किती दिवस चालतील हात, मी विचारलं. ते बुटाची नाडी बांधत राहिले.

आत येऊन म्हटलं, थोडा अशक्तपणा आहे, बाकी काही नाही.
"खोटं बोलणं तुम्हाला कधी जमलं नाही," ती म्हणाली. मग – "पट्ट्यांचं काय राहिलंय?"

२६ फेब्रुवारी
रजा टाकली. दिवसभर पट्ट्यांचा ताण बसवला. ढिले ठेवले तर निसटतात, आवळले तर मोटर रडते.

१ मार्च
उतरली! दोन्ही पायऱ्या – तोंड खाली, धडधडत, पण सरळ. नवा कॅमेरा शाबूत. दोरीवरच्या कपड्यांखालून थेट लिंबाच्या झाडापाशी नेली तिने. पानांखाली थांबवली.
"कीड लागलीय. आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत!"
खूप बोलली मला. ऐकून इतकं बरं वाटलं.

बॅटरी संपेपर्यंत फिरत होती. शेवटी लक्षात आलं – रिमोटची दांडी ती मनगटाने ढकलत होती. अंगठा चालत नव्हता.

११ मार्च
दांडीला मोठी मूठ बसवली होती. आज तीही ढकलता आली नाही. मी चालवतो, तू नुसती बघ, असं म्हटलं. तिने फोन उशाखाली सारला.
"ते तुमचं फिरणं झालं."

कामावरून येताना किडीचं औषध आणलं होतं. फवारलं. ते तिला सांगितलं. हं म्हणाली.

१३ मार्च
सकाळी चहा पाजला. तोंड पुसलं. वळलो, तर म्हणाली, "उचला मला."
कुठे न्यायचं, ते विचारलं नाही. उचललं.
हातांना वजनच लागलं नाही.