रिकाम्या खोऱ्याचं धान्य

योविल, जोहान्सबर्ग
३ फेब्रुवारी

ति. नोमालांगाताईस,
मेलुसीचा सा. न. वि. वि.

सीमेपलीकडून सामान-माणसं आणणाऱ्या न्याथीकाकांच्या गाडीतून तू पाठवलेले वाळवलेले मोपानी किडे पोचले. निम्मे शेजारच्या मोलेफीनं फस्त केले. हा मोलेफी टायरची पंक्चरं काढतो आणि दुपारी माझ्या संगणकांच्या दुकानात पडद्यावरचा राज्यकारभाराचा खेळ खेळायला बसतो. जुन्या काळातली राज्यं असतात. शेती, कर, कोठारं, सगळं ज्यानं त्यानं सांभाळायचं. मी माझ्या राज्याच्या वेशी उघड्या ठेवतो. विणकर येतात, लोहार येतात, माझा खजिना भरतो. मोलेफी म्हणतो की बाहेरचे येऊन आपलं अन्न खातात. हे बोलताना तोंडात तुझे किडे! त्यानं आपल्या राज्यातल्या उत्तरेच्या खोऱ्यातली सगळी उपरी माणसं एका हुकमात हाकलली. हल्ली परदेशी हटवा म्हणणाऱ्यांच्या सभांनाही जातो. मी झिम्बाब्वेहून आलेला, तरी मला मात्र सांगतो की तू त्या परदेश्यांतला नाहीस रे.

पण ताई, एक विचित्र झालंय. त्या खोऱ्यात वस्ती शून्य दिसते, तरी तिथून धान्याचा सारा येतोच आहे. मोलेफीला वाटलं मीच खोडी केली. मी आईची शपथ घेतली तेव्हा तो डाव अर्धा टाकून घरी गेला.

भाच्यांना पापे. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मेलुसी


प्लमट्रीजवळून
१९ फेब्रुवारी

चि. मेलुसीस अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले. घरी असताना चार शेळ्या धड सांभाळल्या नाहीस आणि आता राज्य सांभाळतोस! पण त्या सभांचं वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय. इथे बसस्टॉपवरही लोक त्याच सभांबद्दल बोलतात. तू परत ये. दुकान काय, इथेही टाकता येईल.

सासूबाईंना त्या खोऱ्याचं वाचून दाखवलं. वाटलं, म्हणतील पोरखेळ आहे. त्यांनी भांड्यातली पळी तशीच धरली आणि विचारलं की माणूस नाही तर मग कापणी कोण करतंय. मोलेफीला म्हणावं, त्या लोकांना परत बोलव.

जपून राहा. तुझ्या खुशालीवरच माझी झोप आहे.
तुझी ताई


योविल
८ मार्च

ति. ताईस सा. न.

मोलेफीला सासूबाईंचा प्रश्न सांगितला. तो हसला नाही. त्यानं खोऱ्यात सैन्य पाठवलं, की गावं जाळून या. सैन्य आत शिरलं आणि त्याचाही आकडा शून्य झाला. लढाई नाही, रोगराई नाही. पुढच्या हंगामात सारा वाढून आला. आता त्याची राजधानी त्याच धान्यावर जगतेय, कारण बाकीची शेतं ओस पडलीत. कोठाराचं चित्र उघडलं की तो मान वळवतो.

काल म्हणाला की शनिवारी मोर्चा आपल्या गल्लीतून जाणार आहे, तू दुकानाची पाटी उतरव. मी म्हटलं, पाटी उतरवली तरी माझी बोली कुठे उतरवू? तो पाना उचलून आपल्या टायरांकडे गेला.

काळजी करू नकोस असं लिहीत नाही, तू करणारच.
मेलुसी


योविल
२० मार्च

सौ. नोमालांगाताईंस,
मोलेफीचा नमस्कार वि. वि.

आपली ओळख नाही, पण तुमचं पुष्कळ मीठ खाल्लंय. मेलुसी पोचला का? शनिवारी मी त्याच्या पायरीवर बसलो आणि दुकान माझं आहे म्हणून सांगितलं. मोर्चेवाल्यांनी मलाच दरडावलं की तुझी आजी कुठून आली ते बोल. मी पायरी सोडली नाही. शटर तुटलं, संगणक फुटले, माझे दोन दात गेले. मेलुसी आणि समोरचा मलावीचा शिंपी चिकोंडी मागच्या भिंतीवरून निसटले, न्याथींच्या गाडीत बसले, एवढंच कळलं.

गल्ली रिकामी आहे. पण ताई, भर दुपारी चिकोंडीच्या बंद दुकानातून शिलाई मशीन चालल्याचा आवाज येतो. आणि काल माझ्या दारात माझा कोट घडी घालून ठेवलेला होता, उसवलेली बाही शिवून. तो मी शनिवारी सकाळीच चिकोंडीकडे टाकला होता. मी आता त्या बाजूनं जात नाही.

मेलुसीची खबर कळवा. उपकार होतील.
मोलेफी


प्लमट्रीजवळून
२ एप्रिल

श्री. मोलेफीभाऊंस,
नोमालांगाचे अनेक आशीर्वाद.

मेलुसी पोचला. पाय मुरगळलाय, ताप उतरलाय, जेवतो. तुमच्या दातांचं वाचून तोंड फिरवून बसला, मग मोठ्यानं रडला. चिकोंडीही इथेच आहे. मशीन मांडीवर घेऊन आला, ते आता आमच्या ओसरीवर चालतं. तुमच्या कोटाला आपण हातही लावला नव्हता म्हणतो. बाही कोणत्या रंगाच्या दोऱ्यानं शिवली आहे, ते कळवा म्हणून दोनदा विचारून गेला.

सासूबाईंचा निरोप आहे. त्या दुकानाला टाळू नका. दार उघडा, आणि आत जे कोणी असेल त्याला तू कुठला म्हणून विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा.

तुम्हीही आता आमचेच आहात, हे विसरू नका.
तुमची ताई,
नोमालांगा