सोवळ्यातलं दुखणं

आत्याबाई,

मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची माझी टाप नव्हती, आणि तुमचे चिरंजीव, माझे यजमान, आजही तुमच्याविरुद्ध अवाक्षर ऐकून घेत नाहीत, म्हणून कागदावर भांडते आहे. तुमच्या नातीच्या, माझ्या एकुलत्या एका लेकीच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. अजून तिशीत आहे हो ती. ऑपरेशन झालं, केस गेले, आता परत येताहेत. ती बरी होईल असं डॉक्टर म्हणतात आणि मी ते धरून बसले आहे. पण गाठ सापडली त्या दिवशी, दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता तुमच्या चिरंजीवांनी मला पहिलं काय विचारलं असेल? "तुह्या माहेरी कोणाले होतं का?" तुमचंच बोलणं, तुमच्याच आवाजात. लेकीचे दात पुढे आले तर माझ्या माहेरचे, ती गणितात नापास झाली तर माझ्या माहेरचं डोकं, रंग सावळा तर तोही माझ्याच माहेरचा. नाक तेवढं सरळ आलं, ते मात्र तुमचं. पंचवीस-तीस वर्षं ऐकून ऐकून माझंही मन इतकं बाटलं होतं की मी पुलगावला जाऊन माझ्या म्हाताऱ्या आईला खोदून खोदून विचारलं. तुझ्या आईला होतं का, मावशीला होतं का, लपवू नकोस. ती बिचारी रडायला लागली. तिचे ते अश्रूही मी तुमच्याच खात्यावर टाकते.

मग डॉक्टरांनी मुलीच्या रक्ताची जनुकांची तपासणी करायला सांगितली. तुमच्या काळात हे नव्हतं, म्हणून सांगते. शरीरात गाठी होऊ न देण्याचं काम करणारं एक जनुक असतं, ते तिच्यात जन्मापासूनच बिघडलेलं निघालं. ते आईकडून येतं किंवा बापाकडून. पुरुषात ते बहुतेक वेळा निमूट बसून राहतं आणि गुपचूप पुढच्या पिढीत जातं. नेमका हाच बिघाड असला तर चालणारी गोळी आता निघाली आहे, ती तिला सुरू झाली, त्याबद्दल मी त्या विद्येला नावं ठेवणार नाही. पण त्या विद्येचं दुकान! रिपोर्टची शाई वाळली नाही तोच लॅबमधून एका मुलीचा फोन, "मॅडम, फॅमिली पॅकेज घ्या ना, सणाची ऑफर आहे." आमच्या घरावर संकट आलं होतं आणि तिकडे त्याचा सेल लागला होता. विम्याचा एजंट एरवी महिन्यातून एकदा चहा ढोसून जायचा, त्याला नुसती कुणकुण लागली आणि तो वर्ध्यातल्या आमच्या नालवाडीचा रस्ताच विसरला.

तर आम्हा दोघांचंही रक्त तपासायला गेलं. माझं स्वच्छ आलं, आत्याबाई. बिघाड तुमच्या चिरंजीवांत होता. तो कागद मी भिंतीवरच्या तुमच्या फोटोसमोर नेऊन धरला. वाचा, म्हटलं. वेडेपणा खरा, पण इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग खुर्चीत बसलेल्या लेकीच्या बापाचा चेहरा पाहिला आणि ते बरं वाटणंही ओसरलं.

डॉक्टरांनी त्यांना विचारलं, तुमच्या आई कशानं गेल्या? ते म्हणाले, पोटात पाणी झालं होतं, कावीळ होती. छातीत काही? "नाई नाई. आईले तसलं काई नव्हतं. ती भल्ली सोवळ्याची होती." डॉक्टर बाई तरुण होत्या, त्यांना सोवळ्याचा आणि गाठीचा संबंध कळेना. मला मात्र तो तिथेच, त्या थंड खोलीत लागला. कारण मला आठवलं की तुम्ही काही पहिल्यापासून सोवळ्याच्या नव्हतात. माझं लग्न होऊन मी आंजीला आले तेव्हा तुम्ही शेजारणीच्या ताटातली भाकर मोडून खायचात. सोवळं आलं ते शेवटच्या दीड-दोन वर्षांत, एकाएकी. अंघोळीचं पाणी स्वतः काढायचं, चोळी स्वतः धुवायची, माडीवर वेगळ्या काठीवर वाळत घालायची. ढगळ, कोपरापर्यंतच्या चोळ्या तुम्ही स्वतः शिवून घेतल्या. अंगाला कापराचा वास. आम्ही म्हणायचो, आता वय झालं, देवाकडे ओढ लागली.

एक दुपार माझ्या हातावर अजून आहे. तुम्ही चुलीपुढून उठता आहात, तोल जातो आहे, मी धावत येऊन तुम्हाला काखेत धरते आहे. तुम्ही कळवळून ओरडता, "शिवू नको मले!" आणि हातातला तापलेला सराटा माझ्या मनगटावर बसतो. पोळ्या उलटायचा तो सराटा होता. मी समजले, नोकरदाराच्या घरची, सोवळं न पाळणारी पोर तुम्हाला विटाळ वाटते. तुम्ही समजू दिलंत. तुम्हाला तिथे दुखत होतं, आत्याबाई, एवढं सांगायला काय झालं होतं? आणि तुम्ही गेलात तेव्हा शेवटची अंघोळ घालायला मी पाणी घेऊन उभी राहिले, तर तुमच्या धाकट्या बहिणीनं सगळ्या बायकांदेखत मला दारातच अडवलं. "तिनं सांगून ठेवलं हाय, सुनेचा हात लागू द्यायचा नाई." दार लावून तिनं एकटीनं सगळं केलं. अख्ख्या आंजीनं ते पाहिलं. तो अपमान मी इतकी वर्षं गिळत आले. आता कळतं की त्या मावशींनी दारामागे तुमच्या छातीवर काय पाहिलं असेल. त्याही आता नाहीत.

हे सगळं घेऊन मी गेल्या महिन्यात आंजीतच दिलेल्या तुमच्या लेकीकडे गेले. तिच्यातही ते असू शकतं, आणि तिच्यात असेल तर तिच्या मुलीत. मुलीचं लग्न ठरलं आहे. तुमच्या जावईबापूंचं कृषी केंद्र आहे. मी पोचले तेव्हा ते एका गिऱ्हाइकाला कपाशीच्या बियाण्याचं पाकीट दाखवून सांगत होते की यात जीन टाकला आहे, अळीनं बोंड खाल्लं की अळी मेली. गिऱ्हाईक म्हणालं, "काऊन फसवता शेठ, गुलाबी अळी तर आता तेच खाऊन माजून राह्यली." जावईबापू हसले आणि त्यांनी दुसरं पाकीट काढलं. मला वाटलं, हा माणूस जीन म्हणजे जनुकच विकतो, याला तरी समजेल. मी सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, माणूस काय बियाणं हाय का?"

आणि तुमची लेक! ती उभीच राहिली. "आईच्या अंगाले देवाच्या फुलाबिगर काई लागलं नाई. तिच्या माघारी तिची बदनामी करून राह्यल्या तुम्ही. पोरीचं लग्न मोडायचं हाय का तुम्हाले?" मी सराट्याचं सांगितलं, चोळ्यांचं, कापराचं. ती म्हणाली, "तुमचा राग हाय आईवर, पहिल्यापासून." खरंच आहे, राग आहे. पण राग आहे म्हणून मी खोटं बोलते असं होत नाही. तुम्ही एका शब्दानं, नुसत्या एकीला सांगितलं असतंत तर माझी लेक वेळेत तपासून घेत राहिली असती. माझी लेक! तुमच्या लाजेची किंमत तिनं अंगानं मोजली, आणि हे मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही. तुम्ही त्या दुखण्यात एकट्याच होतात याचं मला वाईट वाटतं, खूप वाटतं, पण माफी नाही.

एसटीची वाट पाहत मी फाट्यावर उभी होते, तर तुमची ती नात स्कुटीवर मागोमाग आली. तोंडाला ओढणी बांधलेली. "मामी, मले टेस्ट करायची हाय. पण आईले सांगू नका. त्याच्या घरच्याईलेही नाई. लग्न होऊन जाऊ द्या." परवा ती क्लासचं निमित्त करून वर्ध्याला आली, मी तिच्याशेजारी बसले आणि तिनं तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट अजून यायचा आहे.

हे पत्र आता घरात ठेवायची सोय नाही. कोणाच्या हाती लागलं तर त्या पोरीचं बिंग फुटेल. लिहून झालं की बारीक फाडून टाकणार आहे. तुम्ही लपवलंत म्हणून मी पानभर तुम्हाला बोल लावले, आणि ती फाट्यावर हात धरून "सांगू नका" म्हणत होती तेव्हा हो म्हणायला मी क्षणभरही थांबले नाही, आत्याबाई.