उभं राहण्याचा रविवार

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

मागच्या रविवारी एक गोष्ट केली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. उपासनेत आजाऱ्यांची नावं घेताना तुझं नाव घेतलं नाही. इथे पाळक म्हणून आल्यापासून दर रविवारी घेत आलो. पण मागितलं ते मिळालंच आहे असं धरून चाला, असं मी मंडळीला शिकवतो. मग बहिणीसाठी तेच तेच मागत का बसायचं? म्हणून थेट आभार मानले.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आरोग्याची उपासना आहे. तू यायचंस. वेदीसमोर मी तुझा हात धरेन आणि तू चाकांच्या खुर्चीतून उठशील. मंडळीला तसं सांगून टाकलं आहे. नंतर खुर्ची मोडीत काढ आणि त्या पैशांत छापखान्यातल्या तुमच्या बाइंडिंगखात्याला एक पंखा घे.

घरी सगळे ठीक. चिमणी आठ वर्षांची झाली आणि तितकीच आळशी. सकाळी बूट आईकडून घालून घेते, जिना बसून उतरते. मी तिला राणीसाहेब म्हणतो. दुपारी मात्र पायाला भिंगरी असते.

येतेस ना? नाही म्हणायचं असेल तर पत्र पाठवू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा

—

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मंडळीत नाव गळतं ते माणूस बरं झाल्यावर किंवा वारल्यावर. तुमच्या पेटीवाल्या बाईंनी पुढचं न ऐकता दुसरा अर्थ घेतला. त्यांनी छापखान्यात फोन करून माझी मयत किती वाजता आहे ते विचारलं. फोन फोरमननी घेतला आणि टेबलापलीकडून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, त्यांना सांगा, मयत सध्या खळ ढवळते आहे, हात मोकळे झाले की बोलेल. आता तू त्यांची समजूत काढ.

हसून झालं. आता नीट वाच.

चिमणी जिना बसून उतरते ती आळसाने नाही. मीही तशीच उतरायचे. तू पाळण्यात होतास, तुला आठवणार नाही. आई म्हणायची, सोंगं पुरे. सकाळी सांधे आखडलेले, दुपारी सैल, म्हणून सगळ्यांना सोंग वाटायचं. डॉक्टरांकडे नेलं तोवर फार उशीर झाला होता. माझी बोटं त्या उशिरात वाकली.

तिचा गुडघा हाताला गरम लागतो का? एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसतो का? बघ आणि मला कळव. आणि मी काय लिहिते याची वाट न पाहता तिला सांध्यांच्या डॉक्टरांकडे ने. आता औषधं आहेत. माझ्या वेळी नव्हती.

वहिनीला सलाम. चिमणीला माझा पापा, आणि तिला राणीसाहेब म्हणू नकोस.

तुझं भलं चिंतणारी,
ताई

—

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

तुझं पत्र हिच्या हाती पडलं. तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाते.

हो, गुडघा सुजला आहे. गरमही आहे. आता समाधान झालं?

मी तेल लावून प्रार्थना केली आहे. रोज करतो. डॉक्टर एक नाव सांगेल आणि ते नाव जन्मभर तिच्या मागे लागेल, जसं तुझ्या लागलं. आपल्या लहानपणी घरात तुझा आजार हे सहावं माणूस होतं. सगळ्यांत आधी त्याची सोय बघायची. माझ्या घरात त्याला जागा नाही. तू तिथून त्याला पत्ता देऊ नकोस.

रविवार दूर नाही. चिमणीला मी पुढच्या बाकावर बसवणार आहे. तू उठलेलं तिने पाहिलं की तिला आणखी काही लागणार नाही. त्याआधी दवाखाना गाठायचा म्हणजे मी मंडळीपुढे एक बोलतो आणि मागच्या दाराने दुसरं करतो. तू उठली नाहीस तर सोमवारी तिला नेईन. पण तू उठशील. तुझ्याकडून एवढंच मागतो. मनापासून प्रयत्न कर.

राग मानू नये, पण मानलास तरी यावं.

धाकटा

—

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मी येते. रविवारी नाही, गुरुवारी. छापखान्याची गाडी गीतपुस्तकं घेऊन तुमच्या बाजूला येते, ड्रायव्हर खुर्चीसकट मला आणणार आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुमच्या जिन्यावर खुर्ची चढत नाही, म्हणून फाटकाशी थांबेन. चिमणीला तू खाली आणायचंस. वहिनीला सांगितलं असतं तर तिने निमूट आणून दिली असती. पण मला ती चोरून न्यायची नाही. डॉक्टर जेवायला उठेपर्यंत वाट पाहीन.

मनापासून प्रयत्न कर, असं लिहिलंस. सकाळी मी पलंगाच्या काठावर बसते आणि देवाला म्हणते, माझी मूठ उघड. कधी उघडतो, कधी नाही. उघडली की मी पुस्तकांच्या घड्या शिवायला, जुजबंदीला बसते. नाही उघडली तर घड्या मोजून दुसरीला देते. दोन्ही दिवशी संध्याकाळी त्याच्याशीच बोलते. माझं आणि त्याचं भांडणही आहे आणि घरोबाही. तू मध्ये पडून आमची साक्ष ठरवू नकोस.

शुभवर्तमानातल्या ज्या पक्षाघाती माणसाला छप्पर उचकटून येशूपुढे खाली सोडलं, त्याला आधी चौघांनी खांद्यावर घेतलं होतं. त्यांनी त्याला उठून दाखव म्हटलं नाही. तू त्या चौघांतला एक हो. तेवढं पाळकाला जमायला हवं.

मी उठणार की नाही यावर तू एका पोरीचा गुडघा पैजेला लावला आहेस. वेळ मात्र तिचा जातो आहे.

माया आहे म्हणून कडू लिहिलं.

ताई

—

२ मार्च

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

त्या दिवशी मी खिडकीत उभा होतो, हे तुला दिसलं असणार. खाली यायला इतका वेळ का लावला, ते तू विचारलं नाहीस. मी पडदा ओढला होता. तू निघून जावीस असं मला वाटत होतं. मागे वळलो तर चिमणी दारात कोट घालून उभी. गुंड्या उलट्यासुलट्या लावलेल्या. हिने सांगितलं, तिचा तिनेच घातला, मदत करू दिली नाही. मग तिला उचललं. गुडघ्याखाली हात जाताच ती किंचाळली. ते तू खालून ऐकलंस.

डॉक्टर काल पुन्हा तेच म्हणाले. आणखी थांबला असतात तर सांधा गेला असता. सुया सुरू आहेत. किती काळ, ते त्यांनाही सांगता येत नाही.

रविवारी मंडळीला सांगितलं की माझी बहीण येणार नाही, आणि येऊन उठावं अशी अटही देवाने घातलेली नाही, ती माझी होती. दोन घरं उपदेश संपण्याआधी उठून गेली. मंडळीचे पंच मला शनिवारी बोलावणार आहेत. बघू.

तुला एवढ्यासाठी लिहितो. काल सुई टोचल्यावर चिमणीने विचारलं की तिचा विश्वास कमी पडला म्हणून हे झालं का. मी नाही म्हणालो. मग तिने विचारलं, आत्याचा कमी पडला का. नाही म्हणालो. शेवटी तिने विचारलं, बाबा, तुमचा? गेली इतकी वर्षं मी लोकांना या प्रश्नाचं उत्तर देत आलो, आणि प्रत्येक वेळी त्या उत्तरात कुणीतरी दोषी निघायचं. तिला म्हणालो, कुणाचाच नाही. ती म्हणाली की मग ठीक आहे, आणि दुसरा हात पुढे केला. त्यातून रक्त काढायचं राहिलं होतं.

जमेल तेव्हा ये. जिना मी बघतो.

धाकटा