गेझाची चेरी, माझी चेरी

२९ नोव्हेंबर, रविवार

नाताळआधीच्या चार रविवारांपैकी पहिला. मार्गितनं पहिली मेणबत्ती लावली. मी चार मेणबत्त्या खोवलेलं हिरव्या डहाळ्यांचं चक्र हलू नये म्हणून धरून उभा होतो. घरात आम्ही दोघंच. असा क्षण माणसाच्या आयुष्यात क्वचितच येतो, असं मनात म्हणतोय तोच ती म्हणाली, "गेझा असता तर एव्हाना चेरीला लागला असता."

गेझा म्हणजे तिचा पहिला नवरा. गावचा न्हावी. वारून तीन वर्षं झाली. मी दुसरा. आमचं लग्न एप्रिलमध्ये झालं. हे मला माहीत आहे, पण घरात कुणाला तरी आठवण राहावी म्हणून लिहून ठेवतो.

तर हा गेझा दर नाताळला ब्रँडीत मुरवलेल्या आंबट चेरी चॉकलेटमध्ये घोळवायचा. चावलं की आतून रस उसळायचा, असं सांगतात. तीन नाताळ घरात त्या झाल्या नाहीत. मी म्हणालो, दुकानातून एक डबा आणू. मार्गित हसली. फोटोतल्या गेझाकडे बघून हसली.

मला मत्सर वगैरे काही नाही. मेलेल्या माणसाचा कसला मत्सर करायचा?

३० नोव्हेंबर

ठरलं. चेरी मी करणार. मार्गितसाठी, तिची मुलगी एमोके नाताळला येते तिच्यासाठी, आणि एकूणच या घरातली स्वच्छ हवा खेळती राहावी म्हणून.

यात अवघड काय आहे? तीस वर्षं मी कारखान्यांचे बॉयलर तपासले. उष्णता म्हणजे काय, दाब म्हणजे काय, हे मला न्हाव्याकडून शिकायची गरज नाही.

मार्गितला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही? बरं." या 'बरं'मध्ये आनंद होता. चटकन दिसत नव्हता, पण होता.

१ डिसेंबर

फोटो खिडकीसमोर होता. ऊन लागून रंग उडतो म्हणून मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. निव्वळ काळजीपोटी. संध्याकाळी पाहतो तर परत समोर. मिशा पहिल्यापेक्षा जास्त पिळदार वाटल्या.

२ डिसेंबर, सकाळ

पहिला घाणा. चेरी बाटलीबंद आणली, साखरेच्या पाकातली. ब्रँडीत मुरवायला जुलैपासून ठेवाव्या लागतात, असं शेजारच्या रोझीमावशी म्हणाल्या. जुलैत मला कुणी सांगितलं नव्हतं. ही चूक माझ्या खात्यात येत नाही.

चॉकलेट थेट आचेवर ठेवलं. मोठ्या आचेवर, म्हणजे लवकर आटपेल.

२ डिसेंबर, दुपार

खिडक्या उघड्या आहेत. बाहेर बर्फ भुरभुरतंय. मार्गित कोट घालून बटाटे सोलते आहे. भांडं अंगणात ठेवलं आहे. या गावात मिळणाऱ्या चॉकलेटचा दर्जा घसरला आहे.

४ डिसेंबर

दुसरा घाणा. या वेळी वाफेवर, मंद. चॉकलेट आरशासारखं झालं. मार्गितला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "अगदी छान. आता पाण्याचा थेंब पडू देऊ नका हं, गेझा नेहमी म्हणायचा..."

पुढचं ऐकलं नाही. बाटलीतली चेरी उचलली आणि पाकासकट आत सोडली. चॉकलेटचा तत्काळ चिखल-मुरूम झाला. पुलाखाली भरायला उपयोगी पडेल असा. बोलावलं नसतं तर लक्ष विचलित झालं नसतं.

५ डिसेंबर

दुकानात पावाच्या रांगेत उभा होतो. पुढचे दोघं केसांवरून बोलत होते. नवा न्हावी कानामागे पायऱ्या पाडतो म्हणे. "गेझाचा हात निराळा." "निराळाच." मग दोघांनी टोप्या काढून नि:श्वास टाकले. गावातलं प्रत्येक डोकं त्याच्या हाताखालून गेलं, म्हणून प्रत्येक डोक्यात तो अजून राहतो.

माझ्या डोक्यावर केस नाहीत. त्याला माझ्यावर काही करता आलं नसतं. या विचारानं घरी येईपर्यंत बरं वाटलं.

७ डिसेंबर

तिसरा घाणा. यशस्वी! गोठवलेली चेरी आणली, फडक्यानं कोरडी केली, देठ धरून एकेक बुडवली. आणि आता माझा शोध: ताटावर ठेवली की बुडाला चपटी होते, म्हणून कोठीत दोरी बांधून देठांना कपड्यांचे चिमटे लावून टांगली. रांगेत लोंबकळणाऱ्या चकचकीत चेरी. बॉयलरच्या व्हॉल्व्हची आठवण झाली. गेझाला दोरी सुचली होती का? विचारलं. मार्गित म्हणाली, नव्हती सुचली. शब्दशः.

८ डिसेंबर

देठ रात्रीत सुटले. खाली रोझीमावशींनी आमच्याकडे थंडीत ठेवायला दिलेलं डुकराच्या पायांचं मोठं पातेलं होतं, जेलीसारखं घट्ट होत आलेलं. चेरी त्यात एका ओळीत रुतल्या.

मावशी म्हणाल्या, "गेली चाळीस वर्षं पाय उकडते रे तिहामेर, पण असं काही पाहिलं नाही." मी म्हणालो, फ्रेंच लोक मांसाबरोबर फळ खातात. त्या म्हणाल्या, मग ने फ्रान्सला.

दोनच चेरी वाचल्या, कडेला पडलेल्या. भरपाई म्हणून एक मावशींना दिली. चूक झाली. आत बी आहे हे त्यांना सांगायचं राहिलं. कवळीचा एक दात गेला.

"गेझा बिया काढायचा," मावशी तोंडावर हात धरून म्हणाल्या. "एकूण एक. बायकोच्या केसांच्या पिनेनं."

बी ठेवण्यात माझा एक हेतू होता. फळ आतून पोकळ नको. पण मावशींशी तोंड धरलेल्या अवस्थेत वाद घालणं मला बरं वाटेना.

आणि पिन! बायकोच्या केसातली! त्यांची संध्याकाळ कशी जात असेल ते डोळ्यांसमोर आलं आणि जेवण गेलं नाही.

१३ डिसेंबर, रविवार

उरलेली एक चेरी मी बशीत झाकून ठेवली होती. मार्गितसाठी. आज तिनं ती हौसेनं पाहिली, "सुरेख दिसते हो," म्हणाली, चांदीच्या कागदात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. मला भरून आलं. चर्चमध्ये, प्रवचन चालू असताना हळूच खाणार असेल.

चर्चनंतर ती दफनभूमीकडे वळली. मी फाटकाशी थांबलो. तिथून सगळं दिसतं. तिनं थडग्यावरचं बर्फ हातानं झाडलं, काहीतरी बोलली, आणि कागद सोडून माझी चेरी दगडावर ठेवली. माझी! पहिला घास त्याला!

ती पुढच्या रांगेत आईच्या थडग्याकडे गेली, तेव्हा झाडावरून एक कावळा उतरला. चेरीपाशी आला. मान वाकडी केली, एका डोळ्यानं पाहिलं, दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. चोचसुद्धा लावली नाही. उडून गेला.

या गावातले कावळेही त्याच्याच बाजूचे आहेत.

१४ डिसेंबर

मन स्थिर. निर्णय: चेरी प्रकरण बंद. माणसानं स्वतःची प्रथा सुरू करावी. नाताळला मी अक्रोडाची चिक्की करीन.

१४ डिसेंबर, संध्याकाळ

मार्गित फोनवर एमोकेला सांगत होती, "हो गं, बिचारे खूप खटपट करतायत."

बिचारे!

प्रकरण पुन्हा उघडलं.

१६ डिसेंबर

लायोशकडे गेलो. नदीकाठी त्याची दारूची भट्टी आहे. तो गेझाचा जिवलग मित्र. तरी जावं लागलं, कारण चांगली ब्रँडी त्याच्याकडेच मिळते. घसा धरलाय, एक बाटली दे, असं सांगितलं.

लायोशनं हात पुसले. मग म्हणाला, "रोझी म्हणत होती, तुम्ही बिया ठेवता."

मग आत जाऊन त्यानं बरणी आणली. आत चेरी, काळपट लाल, बिया काढलेल्या, देठासकट. म्हणाला, दर जुलैत गेझासाठी एक बरणी घालायचो. तो गेल्यावरही हात थांबत नाही. कुणी खात नाही, तीन बरण्या तशाच पडल्यात.

"घेऊन जा," म्हणाला. "पण ऐकणार का? गेझा कुणाचं ऐकायचा नाही, पण तो गेझा होता."

मी ऐकलं. केवळ त्याला बरं वाटावं म्हणून. चेरी रात्रभर जाळीवर कोरड्या करायच्या. साखरेचा पाक घोटून पांढरा लोण्यासारखा करायचा, त्यात चेरी बुडवायची, मग चॉकलेटात, दोनदा, देठाच्या मुळापर्यंत, नाहीतर गळते. नंतर आठवडाभर हात लावायचा नाही. चेरीतली ब्रँडी आतली साखर विरघळवते, तेव्हा रस होतो.

हे सगळं मला साधारण माहीत होतंच. घाईत क्रम चुकत होता.

१७ डिसेंबर

चौथा घाणा. पाक घोटता घोटता खांदा गेला. मार्गितनं विचारलं, मदत करू का. नको म्हणालो. तिनं कपाटातून एक निळा ॲप्रन काढला. "तुमचा सदरा खराब होईल. हा त्याचा आहे, पण धुतलेला आहे."

घातला नसता. पण खरोखरच सदरा नवा होता.

बरोबर बसला. गळ्याचा बंदसुद्धा त्याच्याच भोकात अडकला. ती दाराशी उभी राहून बघत होती. मी म्हणालो, काय बघतेस? ती म्हणाली, "काही नाही. बांधा नीट."

चेरी डब्यात. डबा कोठीत, वरच्या फळीवर. दोरी वापरली नाही.

२० डिसेंबर, रविवार

हात लावला नाही.

२१ डिसेंबर

हात लावला नाही. फक्त डबा कानाशी धरला. आत काही विरघळत असेल तर आवाज येतो का, हे पाहण्यासाठी. बॉयलरचा आवाज असाच तपासतात. मार्गितनं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

२३ डिसेंबर

भविष्याचा विचार केला. एमोके चावेल. थबकेल. माझ्याकडे बघेल. आजवर ती मला 'तिहामेरकाका' म्हणते. जावई झोंबोर म्हणेल, अशी चेरी आयुष्यात खाल्ली नाही. फोटो यानंतर कुठे ठेवायचा यावर मी उदारपणे चर्चा करीन. काढून टाका, असं मी म्हणणार नाही. ओसरीत चालेल.

२४ डिसेंबर

माशाचं सूप झालं, खसखशीचे आणि अक्रोडाचे रोल झाले. मार्गितनं मला लोकरी मोजे दिले. मी तिला केसांच्या पिना दिल्या, शिंपल्याच्या. ती म्हणाली, "इतक्या?" मी म्हणालो, लागतात.

२५ डिसेंबर

सगळं लिहितो. क्रमानं.

एमोके आणि झोंबोर दुपारी आले. रोझीमावशी नवी कवळी घालून आल्या. जेवण झाल्यावर मी डबा स्वतः आणला. चॉकलेट काळंभोर, एकही चेरी गळलेली नाही. मी म्हणालो, घ्या, साधंच केलंय.

चौघांनी एकदम चावलं.

मावशींच्या हनुवटीवरून रस ओघळला, त्यांनी पुसला नाही. झोंबोरनं डोळे मिटले. मार्गितनं देठ बोटांत धरून ठेवला होता. एमोकेचे डोळे भरले आणि ती हलकेच म्हणाली, "बाबा..."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. आयुष्यात मूलबाळ नाही, त्यामुळे हा शब्द कधी कानावर पडलेला नाही. मी खुर्ची मागे सारून उठलो, हात पसरले आणि म्हणालो, "काय गं बेटा?"

ती फोटोकडे बघत होती.

"अगदी बाबांच्या हातची," ती म्हणाली. मग माझे हात तिला दिसले. तिचा चेहरा लाल झाला. मी पसरलेल्या हातांनी पलीकडचा डबा उचलला आणि म्हणालो, आणखी घ्या ना.

मग बांध फुटला. "गेझाच परत आला म्हणा!" मावशी. "तोच रस, तीच कडवट कड," झोंबोर. मार्गित रडली, हसली, पुन्हा रडली. मला इतकी सुंदर ती कधी दिसली नव्हती. लायोशच्या बरणीतली ब्रँडी ओतली. सगळे उभे राहून फोटोकडे वळले आणि पेले उंचावले. मलाही उंचावावा लागला. एकटा बसून कसा राहणार?

निघताना एमोकेनं माझ्या गालाची पापी घेतली. "थँक्यू, तिहामेरकाका. बाबांना खूप आवडलं असतं."

तांत्रिकदृष्ट्या विजय माझाच आहे. चेरी मी केल्या. एकही गळली नाही. हे नोंदवून ठेवतो.

फोटो आहे तिथेच आहे.

२६ डिसेंबर

सकाळपासून लोक येतायत. मावशींनी गावभर केलं. माजी पोस्टमास्तर, चर्चचा घंटावाला, रांगेतले ते दोघं. प्रत्येकानं एकेक खाल्ली, टोपी काढली, माझा हात दाबला, जसा दफनाच्या दिवशी दाबतात तसा. घंटावाला म्हणाला, पुढच्या वर्षी थोड्या जास्त करा, गेझा नेहमी जास्त करायचा.

दुपारी अंगणात जाऊन उभा राहिलो. हवा हवी होती. पुढल्या नाताळला नक्की चिक्की, असा निश्चय करत होतो.

मार्गितनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली. "गेझा, अरे ये ना, सूप गार होतंय."

लग्न झाल्यापासून ती मला अहो-जाहो करते. 'अरे' आज पहिल्यांदा म्हणाली. चूक तिच्या लक्षात आली नव्हती. ती खिडकीत उभी होती, केसांत माझ्या पिना, आणि हातानं लवकर ये अशी खूण करत होती. दुरुस्त करावी म्हणून मी तोंड उघडलं.

"आलो," म्हणालो.